बारावा आठवडा उजाडेपर्यंत

पहिला फोन केला तेव्हा मला चार आठवडे आणि सहा दिवस झाले होते. हा हिशेब अर्थातच तेव्हा मला येत नव्हता. आदल्या दिवशी सकाळी टेस्टच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटली होती आणि माझ्या लेखी त्या गोष्टीला जेमतेम तीस तास झाले होते. प्रसूती विभागाच्या नोंदणीवरच्या मॅडमनी मात्र शेवटच्या पाळीचा पहिला दिवस विचारला, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘म्हणजे अजून पाचही पूर्ण नाहीत. सहा आठवडे झाल्याशिवाय आम्ही नाव लिहून घेत नाही. तेव्हा फोन करा.’’ आवाजात तुसडेपणा नव्हता. दिवसातून वीस वेळा उच्चारल्यामुळे गुळगुळीत झालेले ते वाक्य होते. मी आभार मानून फोन ठेवला, एका जुन्या वहीच्या कोऱ्या पानावर तारीख लिहिली आणि तिच्यापुढे ‘४ आठवडे ६ दिवस’ असे लिहून ठेवले.

मराठीत आपण ‘दिवस गेले’ म्हणतो. या शब्दप्रयोगाची नेमकी गंमत मला त्या आठवड्यात कळली, कारण गरोदरपण मोजण्याची वैद्यकीय पद्धतही अगदी गेलेल्या दिवसांचीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्झ नेगेले या जर्मन प्रसूतितज्ज्ञाच्या नावाने रूढ झालेला नियम अजून वापरात आहे: शेवटच्या पाळीचा पहिला दिवस धरायचा आणि त्यापुढे २८० दिवस मोजायचे. गर्भधारणा प्रत्यक्षात कधी झाली हे सहसा कोणालाच ठाऊक नसते. पाळीची तारीख मात्र बाईला ठाऊक असते, किंवा असावी अशी अपेक्षा असते. म्हणून ज्या पंधरवड्यात गर्भ अस्तित्वातही नव्हता तो पंधरवडाही हिशेबात जमा होतो, आणि पाळी चुकते त्या दिवशी चार आठवडे आधीच खर्ची पडलेले असतात. ज्यांची पाळी मुळातच अनियमित असते, किंवा अंगावर पाजत असल्यामुळे जिची पाळी सुरूच झालेली नसते, तिचे तर आठ-नऊ आठवडे कळण्याआधीच निघून जाऊ शकतात. ‘वेळेवर या’ असे अशा बाईला सांगणे म्हणजे स्टेशनवर पोहोचण्याआधीच सुटलेल्या गाडीचे वेळापत्रक हातात देण्यासारखे आहे.

सहा आठवडे पूर्ण होण्याची मी वाट पाहिली. दुसरे काय करायचे ते मला माहीत नव्हते. शिवाय आपण आगाऊपणा करतो आहोत असा एक संकोच त्या पहिल्या फोनने मनात घालून ठेवला होता. त्या आठ दिवसांत माझ्या पोटात नेमके काय चालले होते ते मी पुढे केव्हातरी वाचले. वाचून झाल्यावर बराच वेळ वहीतल्या त्या पानाकडे पाहत बसले.

बाळाचा मेंदू आणि मणक्यातली मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतात ती नळी गर्भधारणेनंतर साधारण अठ्ठावीस दिवसांत मिटते. पाळीपासून मोजले तर हा सहावा आठवडा पूर्ण होण्याचा सुमार. ती नीट मिटली नाही तर मणका उघडा राहण्यासारखे जन्मदोष होतात, आणि आईच्या शरीरात फोलिक ॲसिड पुरेसे असेल तर त्यांचा धोका पुष्कळच कमी होतो. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने अनेक देशांत मिळून केलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. आधीच्या बाळात असा दोष आढळलेल्या स्त्रियांना फोलिक ॲसिड दिल्यावर तो दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले, असे त्यात दिसले. म्हणूनच गर्भधारणेच्या निदान महिनाभर आधीपासून दिवसाला ४०० मायक्रोग्रॅमची ती छोटीशी गोळी सुरू करावी असे सांगितले जाते. म्हणजे ज्या दिवशी मला पुन्हा फोन करायला सांगण्यात आले होते, जवळजवळ त्याच दिवशी नळी मिटण्याचे ते काम आटोपून जायचे होते. गोळी मी टेस्टच्या दिवशी स्वतःहूनच सुरू केली होती, तीही औषधांच्या दुकानात पाकिटावरचा मजकूर वाचून. चार आठवडे पाच दिवस. महिनाभर आधी नव्हे, पण अगदीच उशिराही नव्हे, अशी मी पुढे कित्येक दिवस स्वतःची समजूत घालत राहिले.

सहा आठवडे झाले त्या सकाळी मी पुन्हा फोन केला. नोंदणीचे फोन फक्त कार्यालयीन वेळेत घेतात, म्हणजे माझ्याही कामाच्या वेळेत. मला तर ही बातमी अजून कुणालाच सांगायची नव्हती. मग जिन्याच्या मधल्या वळणावर उभे राहून, वरून किंवा खालून पावले वाजली की दुसऱ्याच कसल्यातरी विषयावर बोलल्यासारखे करत, मी तो फोन लावत असे. रांगेत किती क्रमांक आहे ते सांगणारा यंत्रातला आवाज, मग संगीत, मग कोणीतरी उचलेपर्यंत माझी जेवणाची सुट्टी संपलेली. तिसऱ्या दिवशी माणूस भेटला आणि त्याने सांगितले की नाव नोंदवण्यासाठी आधी नेहमीच्या डॉक्टरांचे पत्र लागते. हे पहिल्या फोनवर का सांगितले नाही, असे मी विचारले नाही. विचारायला हवे होते.

नेहमीच्या डॉक्टरांची वेळ मिळाली तेव्हा सात आठवड्यांना एकच दिवस कमी होता. इथे माझीही चूक मला कबूल केली पाहिजे. मला चार वर्षांपासून थायरॉइडची गोळी चालू होती आणि ती तशीच घेत राहायचे एवढेच मी ठरवले होते. गरोदरपणाचे सगळे आता प्रसूती विभाग पाहील, या भरवशावर मी या डॉक्टरांकडे आधी गेलेच नव्हते. त्यांनी पत्र लिहिता लिहिता माझे जुने कागद चाळले आणि पेन खाली ठेवले. ‘‘ही गोळी वाढवायला हवी होती,’’ ते म्हणाले, ‘‘कळलं त्याच आठवड्यात.’’ मग त्यांनी समजावून सांगितले ते असे: पहिले तीन महिने बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी कामाला लागलेली नसते, त्या काळात मेंदूच्या वाढीला लागणारे संप्रेरक त्याला आईकडूनच मिळते. निरोगी बाईचे शरीर ही वाढीव मागणी आपोआप पुरवते. गोळीवर अवलंबून असलेलीचे शरीर ते करू शकत नाही, आणि तिची गरज पाचव्या आठवड्याच्या आसपासच वाढू लागते. त्यांनी गोळीचे प्रमाण तिथल्या तिथे वाढवले, रक्ततपासणी लिहून दिली आणि दर चार आठवड्यांनी ती पुन्हा करायला सांगितली. या सगळ्याला आठ मिनिटे लागली असतील. त्यात कुठलेही यंत्र नव्हते, सोनोग्राफी नव्हती, तपासणीचे टेबल नव्हते. एक माहीतगार माणूस होता, माझा जुना कागद होता आणि एक प्रश्न होता.

त्या आठ मिनिटांचा मी नंतर पुष्कळ विचार केला. लवकर तपासणी हवी असे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काळोख्या खोलीतला सोनोग्राफीचा पडदा येतो, आणि मग प्रसूती विभागाचे म्हणणेही खोटे ठरत नाही. पाचव्या आठवड्यात पडद्यावर बहुधा गर्भपिशवीचा ठिपका तेवढा दिसतो. ठोके साधारण सहाव्या आठवड्यापासून दिसू लागतात, आणि त्याआधी पाहायला गेले तर ‘काही दिसत नाही’ या वाक्याचे ओझे घेऊन विनाकारण पंधरा दिवस काढावे लागतात. माणसे कमी, बायका पुष्कळ. प्रत्येकीला पाचव्या आठवड्यात पलंगावर घेणे शक्यही नाही आणि शहाणपणाचेही नाही. हे मला मान्य आहे. पण अपस्माराची किंवा मुरुमांची कुठली गोळी चालू आहे, रक्तदाबाचे औषध कोणत्या गटातले आहे, मधुमेह आहे का, आधीच्या खेपेला काय झाले होते, हे विचारायला पलंग लागत नाही. अपस्मारावरचे व्हॅल्प्रोएट, मुरुमांवरचे आयसोट्रेटिनॉइन, रक्तदाबावरच्या काही गोळ्या गर्भाला घातक ठरू शकतात. त्यातली अपस्माराची गोळी आपल्या मनाने एकदम बंद करणे तेवढेच धोक्याचे, म्हणून तर वेळीच विचारणारे कुणीतरी हवे. झोपेसाठी आणि मळमळीसाठी विकले गेलेले थॅलिडोमाइड हे औषध १९६१ च्या अखेरीस पश्चिम जर्मनीत मागे घेतले गेले, तोपर्यंत अनेक देशांत हजारो बाळे अपुऱ्या हातापायांची जन्मली होती. त्याचा घाव बसण्याची वेळ गर्भधारणेनंतर साधारण विसाव्या ते छत्तिसाव्या दिवसादरम्यानची होती. हेच दिवस माझ्या वहीत मांडले तर पहिल्या फोनपासून डॉक्टरांच्या त्या भेटीनंतर दोन दिवसांपर्यंतचे होतात. त्या काळात माझे नाव कुठल्याही प्रसूती विभागाच्या दप्तरात नव्हते.

ही रचना अशी का झाली असावी याचे उत्तर इतिहासात सापडते. जन्माआधी बाईची नियमित तपासणी करावी ही कल्पनाच फार जुनी नाही. एडिंबरोच्या जॉन विल्यम बॅलंटाइन या डॉक्टरांनी १९०१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख लिहून प्रसूतीपूर्वीच्या उपचारांसाठी वेगळे रुग्णालय असावे अशी मागणी केली. ब्रिटनच्या आरोग्य मंत्रालयाने १९२९ मध्ये दवाखान्यांसाठी जे वेळापत्रक काढले त्यात पहिली भेट सोळाव्या आठवड्याला, मग चोविसाव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्याला, पुढे छत्तिसाव्यापर्यंत दर पंधरवड्याला आणि त्यानंतर बाळंतपणापर्यंत दर आठवड्याला भेट, असा क्रम होता. हा सांगाडा कितीतरी देशांनी दशकानुदशके जवळपास तसाच वापरला. त्या काळातली मोठी भीती म्हणजे शेवटच्या महिन्यांत रक्तदाब वाढून येणारे झटके आणि आडवे-उलटे मूल. तेव्हा पहारा शेवटाकडे दाट ठेवला गेला, हे समजण्यासारखे आहे. सोनोग्राफी नव्हती, घरच्या घरी करायची टेस्ट नव्हती, फोलिक ॲसिडचा महिमा कळलेला नव्हता. सोळाव्या आठवड्याआधी बाईला बोलावून करायचे काय, असाच प्रश्न त्या लोकांना पडला असणार.

आता करण्यासारखे खूप आहे. अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान बाळाची डोक्यापासून बूडापर्यंतची लांबी मोजून बाळंतपणाची तारीख सर्वांत भरवशाने ठरते. जुळे असेल तर दोघांची वार एक आहे की वेगळी हे तेव्हाच नीट दिसते. रक्तदाबाच्या विकाराचा धोका असलेल्यांना ॲस्पिरिनची लहान मात्रा द्यायची तर ती सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू झालेली चांगली. लंडनमधील किंग्ज कॉलेजचे किप्रोस निकोलाइड्स यांनी २०११ साली म्हटले की तपासण्यांचा हा पिरॅमिड आता उलटा करावा, भर शेवटावरून सुरुवातीकडे आणावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये चार भेटींऐवजी निदान आठ भेटी सुचवल्या आणि त्यातली पहिली बारा आठवड्यांच्या आत व्हावी असे स्पष्ट म्हटले. प्रत्यक्षात २०१३ सालच्या अंदाजानुसार जगातल्या सुमारे ५९ टक्के गरोदर स्त्रियांनाच पहिल्या तीन महिन्यांत तपासणी मिळत होती. श्रीमंत देशांत पाचांतल्या चौघींना, अगदी गरीब देशांत चौघींतल्या एकीला. हे आकडे वाचताना मला ‘उशिरा आली’ हा केसपेपरवरचा शेरा आठवतो. त्यांतल्या कितीजणी उशिरा आल्या आणि किती जणींना ‘नंतर या’ म्हणून परत पाठवले होते, हे त्या शेऱ्यावरून कळत नाही.

मला मिळालेली तारीख अकरा आठवडे चार दिवसांची होती. पत्र पोहोचल्यावर आलेल्या उत्तरात ती लिहिलेली होती आणि त्याआधीची एकही जागा रिकामी नव्हती. सोनोग्राफीची वेळ वेगळ्या विभागातून घ्यायची होती. तिथे नोंदणी क्रमांक मागत होते, आणि नोंदणी क्रमांक पहिल्या भेटीतच मिळणार होता. तेरा आठवडे सहा दिवसांनंतर त्या सोनोग्राफीतली काही मापे घेता येत नाहीत, हे दोन्ही विभागांना ठाऊक होते. आपापल्या खिडकीपुरते दोघेही बरोबर होते.

आणि मग आठ आठवडे तीन दिवस झालेल्या रात्री डाग दिसला.

आधी तपकिरी, मग पहाटेकडे थोडा लाल. पोटात उजव्या बाजूला दुखत होते, किंवा दुखते आहे असे वाटत होते. भीतीला लक्ष देऊन पाहिले की ती कुठेही दुखू शकते. नवऱ्याने प्रसूती विभागाचा रात्रीचा नंबर फिरवला. पलीकडून विचारले गेले, नोंदणी क्रमांक काय? नाही म्हटल्यावर सांगण्यात आले की वीस आठवड्यांच्या आतल्या तक्रारी तातडीच्या विभागात पाहतात. तातडीच्या विभागात गेलो तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरांनी नाडी आणि रक्तदाब पाहिला, प्रश्न नीट विचारले, खांदा दुखतो का, चक्कर आली का, आणि मग म्हणाले की यासाठी स्त्रीरोग विभागाचे लवकरच्या गरोदरपणाचे वेगळे युनिट आहे, ते सकाळी आठला उघडते आणि तिथे पत्राशिवाय घेत नाहीत. पत्र मी देतो. शंभरातल्या एखाद-दोन गर्भधारणा गर्भपिशवीच्या बाहेर, बहुतेकदा नळीत, रुजतात आणि त्यांचा त्रास साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतो. नळी फुटली तर जिवावर बेतते. त्या डॉक्टरांनी हे मला त्या शब्दांत सांगितले नाही. पण ते खांद्याचे का विचारत होते ते मला पुढे समजले: पोटात रक्त साचले तर कळ खांद्याच्या टोकाला येते.

पहाटेपासून आठ वाजेपर्यंत आम्ही एका लांब बाकावर बसून होतो. आमच्यासमोर पाय मोडलेला एक मुलगा होता आणि त्याच्या पायाकडे सगळे पाहत होते. माझ्याकडे पाहण्यासारखे काही नव्हते. पोट दिसत नव्हते, हातात फाइल नव्हती, घरच्यांनाही माहीत नव्हते. पहिले तीन महिने सांगू नये असा एक अलिखित नियम आपण पाळत असतो आणि त्याचे कारणही उघड आहे: कळून आलेल्या गर्भधारणांपैकी शंभरात दहा ते वीस टिकत नाहीत, आणि त्यांतल्या बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांतच जातात. सांगितलेले परत घेणे नको, म्हणून बाई गप्प राहते. त्या बाकावर मला पहिल्यांदा असे वाटले की संस्थाही हेच करत असावी. टिकते का ते पाहू, मग नाव लिहू. असे कोणी बोललेले नाही, कोणत्या नियमात लिहिलेले नाही, कदाचित कुणाच्या मनातही नसेल. पण बाईचे मौन आणि दप्तरातले कोरे पान यांची मुदत एकच निघावी हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. जिचा गर्भ टिकणार नसतो तिलाही त्याच आठवड्यांत कुणाचीतरी गरज असते. किंबहुना तिला जास्त असते.

साडेनऊला पडद्यावर ठोके दिसले. गर्भपिशवीतच होते सगळे. डाग कशाने आला ते शेवटपर्यंत कळले नाही. पुष्कळदा कळत नाही, असे सोनोग्राफी करणाऱ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. मी वहीत लिहिले: ‘८ आठवडे ४ दिवस. ठोके आहेत.’

अकरा आठवडे चार दिवसांना पहिली भेट झाली. सिस्टर अनुभवी होत्या, हसऱ्या होत्या, आणि त्यांनी मला पाऊण तास दिला. इतक्या आस्थेने माझी चौकशी त्या तीन महिन्यांत कोणी केली नव्हती. वजन, रक्तदाब, लघवी, रक्ताच्या चार बाटल्या. फोलिक ॲसिड चालू आहे ना, त्यांनी विचारले. चालू आहे म्हटल्यावर ‘‘छान,’’ म्हणून त्यांनी चौकटीत बरोबरची खूण केली. थायरॉइडचे कळल्यावर त्यांनी मान वर करून विचारले की गोळी वाढवली का, कधी वाढवली. मी वही पुढे केली. पान त्यांनी नीट वाचले, सगळ्या तारखा फाइलमध्ये उतरवून घेतल्या, डाग दिसल्याच्या रात्रीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘आमच्याकडे फोन का नाही केलात?’’

केला होता, मी सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. सोनोग्राफीच्या विभागाला त्यांनी माझ्यासमोर स्वतः फोन लावला आणि तेरा आठवडे तीन दिवसांची वेळ मिळवून दिली. निघताना त्यांनी फाइलच्या आतल्या खिशातून एक गुलाबी कार्ड काढले आणि त्यावर माझा नोंदणी क्रमांक लिहिला. पहिल्या तीन महिन्यांत अंगावरून गेले, पोटात एका बाजूला दुखले, चक्कर आली, तर कोणत्याही वेळी, रात्रीसुद्धा, या नंबरावर फोन करायचा, असे त्यावर ठळक अक्षरांत छापलेले होते. ‘‘हे नेहमी जवळ ठेवा,’’ त्या म्हणाल्या. त्या तीन महिन्यांतले सोळा दिवस उरले होते. मी कार्ड वहीत त्या पहिल्या पानाला टाचून ठेवले.